खोटीचा हिशेब : कुपवाडच्या रोबोट प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमधून चार गाड्या आज टेम्पोत चढवल्या आणि तासगावच्या वाटेवरील एका शीतगृहात उतरवून घेतल्या. करारपत्रात त्यांना 'स्वयंचलित वाहक रोबोट' असे भारदस्त नाव आहे. कंपनीत आम्ही नुसते 'गाडी' म्हणतो. ही गाडी गुडघ्यापेक्षाही ठेंगणी असते, ट्रॉलीखाली शिरते, पाठ वर करून ट्रॉली जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटर उचलते आणि सांगितलेल्या जागी नेऊन ठेवते. एका ट्रॉलीवर बेदाण्याचे पंधरा किलोचे ३६ बॉक्स बसतात, म्हणजे ५४० किलो माल. हंगामात आत सुमारे चार अंश तापमान, बाहेर येऊ घातलेला उन्हाळा, आणि मधल्या मोकळ्या खोलीत आठ हमालांची एक टोळी, असे आमचे कामाचे ठिकाण आहे.

साप्ताहिक अहवाल कंपनीच्या ठरलेल्या नमुन्यात जातोच. त्या नमुन्यात न बसणाऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात म्हणून ही वही वेगळी ठेवत आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

या धंद्यात येण्यापूर्वी माझी अशी समजूत होती की आपले काम संगणकाच्या पडद्यासमोर चालेल. आज दिवसभर गुडघ्यांवर बसून जमिनीवर खूणचिठ्ठ्या चिकटवल्या. गाडीच्या पोटाखाली एक कॅमेरा असतो. जमिनीवर दर मीटरला लावलेली चौकोनी सांकेतिक खूण वाचून ती आपण कोठे आहोत हे ठरवते आणि दोन खुणांच्या मधले अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजते. त्यामुळे खूण दोन मिलिमीटर तिरकी लागली तरी गाडी तेवढीच तिरकी पुढे निघते. गवंडी वापरतात ती रंगाची दोरी ताणून आधी रेघा मारल्या, मग चिठ्ठ्या लावल्या.

चिठ्ठीचा गोंद थंड फरशीवर धरत नाही, हे आम्हांला मागच्या एका ठिकाणी हात पोळल्यावर कळले होते. तेथे चालू चेंबरमध्ये लावलेल्या चिठ्ठ्या तिसऱ्या दिवशी ट्रॉलीच्या चाकांना चिकटून फिरू लागल्या होत्या. म्हणून या वेळी हंगाम सुरू होऊन कॉम्प्रेसर लागण्याआधीच खोली मागून घेतली. फरशी ट्रिमिक्सची, म्हणजे जादा पाणी ओढून घेऊन घोटलेल्या काँक्रिटची आहे, बरी आहे. मात्र पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे दिलेला उतार नकाशात दाखवलेला नव्हता. भरलेली गाडी त्या उतारावर थांबताना हातभर पुढे सरकते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. गारवा आत राहण्यासाठी उत्तम, पण वायफायची लहर तेथेच अडते. दार लागले की आतल्या गाडीचा नियंत्रण संगणकाशी संबंध तुटतो आणि तीन सेकंद निरोप मिळाला नाही की गाडी शहाण्यासारखी जागच्या जागी थांबते. आत थंडीत टिकणारे दोन वायफाय संच बसवावे लागले. अंदाजपत्रकात एकच धरला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चेंबरच्या दाराला जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे. माणूस हाताने पट्ट्या सारून आत जातो. वाटेतले अडथळे ओळखणाऱ्या गाडीच्या पुढच्या लेसर स्कॅनरला मात्र तो पडदा म्हणजे भिंत दिसते. पट्ट्या हलल्या की त्याला भिंतही हलताना दिसते. सकाळी अकरा वाजता पहिली गाडी दारासमोर जी थांबली ती पाऊण तास तेथेच उभी राहिली. टोळीचे मुकादम, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, बाजूला येऊन शांतपणे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "ताई, हे थांबलंय का झोपलंय?"

तूर्त दोन पट्ट्या वर बांधून टाकल्या आणि दारावर हवेचा झोत सोडणारा पंखा लावला. झपकन वर गुंडाळले जाणारे दार बसवून ते गाडीच्या संगणकाशी जोडणे हा खरा उपाय आहे. पण ते दार कोणी घ्यायचे, आम्ही की शीतगृहाच्या मालकांनी, याचा उल्लेख करारात कोठेच नाही. हमालांनी दुपारपर्यंत गाडीचे नाव 'कासव' ठेवले होते.

५ मार्च, बुधवार

आज खरा माल आला. तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशा सगळ्या बाजूंनी बेदाण्याची आवक सुरू झाली आहे. बॉक्सवर बारकोड नाही. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि लॉट नंबर स्केच पेनने लिहिलेला. कोणाचा सात कोणता आणि एक कोणता हे टोळीतल्या दोघांना नजरेने कळते. आम्ही प्रत्येक ट्रॉलीला एक पत्र्याचा क्रमांक दिला आणि कोणत्या ट्रॉलीवर कोणता लॉट चढला हे त्या दोघांपैकी एकाने टॅबवर नोंदवायचे असे ठरवले. बॉक्सवर बारकोड चिकटवण्याची मूळ योजना मालकांनी दोन वाक्यांत मोडीत काढली: चिकटवणार कोण, आणि सौद्यात बॉक्स फोडल्यावर ती चिठ्ठी सांभाळणार कोण?

दुपारी नवीनच प्रकार घडला. चार अंशांतून बाहेर आलेल्या गाडीच्या लेसरच्या काचेवर, थंड तांब्याला पाणी सुटते तसे, दव धरले. काच धुकटली की स्कॅनरला सगळीकडे अडथळेच अडथळे दिसतात. गाडी बाहेर आली की दहा पावलांवर थांबायची, कोणीतरी काच पुसली की पुन्हा चालायची, आणि आत जाऊन आली की पुन्हा तेच. काचेमागे लहानसा हीटर बसवण्याचे काम शेडमध्ये लावले आहे. तो येईपर्यंत उपरणे हेच आमचे उपकरण.

११ मार्च, मंगळवार

आजचे आकडे नीट लिहून ठेवते. दहा तासांची पाळी, चार गाड्या, म्हणजे एकूण २४०० मिनिटे. या वेळात गाड्या ४३ वेळा थांबल्या आणि दर वेळी सरासरी दीड मिनिट गेले, म्हणजे सुमारे ६५ मिनिटे. अहवालाच्या नमुन्यात 'गाड्या चालू असल्याची टक्केवारी' हा एकच रकाना आहे; तेथे ९७.३ भरले गेले आणि पुण्याच्या कार्यालयातून अभिनंदनाचा निरोप आला.

हा आकडा खोटा नाही, आणि मला त्याचाच राग येतो. दारात एक गाडी थांबली की तिच्यामागच्या दोन थांबतात आणि ट्रॉली भरणारे आठही जण हात बांधून उभे राहतात. त्यांची मजुरी नगावर असते, तासावर नाही. आमच्या दीड मिनिटात आठ माणसांची बारा मिनिटे जातात. ट्रक मालासाठी अडकून पडला तर मालकाला खोटीचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे द्यावे लागतात. टोळीची खोटी झाली तर तिचा हिशेब कोणाच्याच वहीत लागत नाही. आण्णांनी संध्याकाळी एवढेच म्हटले, "कासव आल्यापासनं पाठ दुखंना, पण खिसा दुखतोय." त्यातला पहिला भाग मी अहवालात घालावा असे प्रकल्पप्रमुखांनी सुचवले.

टक्केवारीशेजारी 'दिवसात किती वेळा माणसाला हात लावावा लागला' असा रकाना हवा, अशी लेखी सूचना आज पाठवली.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. आज सकाळी मधल्या खोलीतल्या नऊ खुणा गुलाबी झालेल्या, कॅमेऱ्याला वाचता येईनात. ओल्या फडक्याने पुसल्या. त्रुटीचे कारण म्हणून संगणकात 'रंग' हा पर्याय नसल्यामुळे 'इतर' निवडले.

२७ मार्च, गुरुवार

आज वाद झाला, तो तपशिलाने नोंदवणे आवश्यक आहे. दारातले थांबे कमी व्हावेत म्हणून स्कॅनरचे संरक्षक क्षेत्र, म्हणजे ज्या अंतरात काहीही आले तर गाडीने थांबलेच पाहिजे ते अंतर, दारापुरते ६० सेंटीमीटरवर आणावे आणि वेग आहे तोच ठेवावा, असा पुण्याहून आदेश आला. कारण असे की पुढच्या आठवड्यात एक मोठे गिऱ्हाईक प्रात्यक्षिक पाहायला येणार आहे.

हिशेब सोपा आहे. गाडीचा वेग सेकंदाला १.२ मीटर. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत ०.४ सेकंद, तेवढ्यात गाडी ४८ सेंटीमीटर जाते. त्यानंतर सेकंदाला एक मीटरने वेग उतरत गेला तर थांबेपर्यंत आणखी ७२ सेंटीमीटर. एकूण १ मीटर २० सेंटीमीटर, आणि तेही कोरड्या फरशीवर. दारात दवाचे पाणी ठिबकते. तेथे चाक निम्मेच धरते असे मानले तर अंतर १ मीटर ९२ सेंटीमीटरवर जाते. म्हणजे ६० सेंटीमीटरवर दिसलेल्या माणसाच्या नडगीला गाडी धडकल्यावरच थांबणार, आणि तिच्या पाठीवर ५४० किलो असणार. चालकविरहित औद्योगिक वाहनांसाठी आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक २०२० पासून आहे. संरक्षक क्षेत्र गाडीच्या थांबण्याच्या अंतरापेक्षा कमी ठेवता येत नाही, हे त्यातले पहिल्या दिवशी शिकवले जाणारे तत्त्व आहे. मी त्या बदलाच्या कागदावर सही केली नाही.

त्याऐवजी दाराच्या तीन मीटर आधीपासून वेग सेकंदाला ०.५ मीटरवर आणला. या वेगाला कोरड्या फरशीवर ३३ सेंटीमीटर आणि ओल्या फरशीवर ४५ सेंटीमीटर पुरतात, त्यामुळे क्षेत्र खरोखरच लहान करता आले आणि बांधलेल्या पट्ट्यांच्या कडा त्यातून वगळल्या गेल्या. फेरीमागे सात-आठ सेकंद वाढले. प्रकल्पप्रमुखांना ते आवडले नाही. पण गाडी आजवर दारात थांबून जो वेळ घालवत होती त्यापेक्षा ते कमीच आहेत.

चहाच्या वेळी हे सगळे आण्णांच्या कानावर गेलेच होते. त्यांचे वडील सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले हळद साठवण्याचे कोठार. आत खराब हवा साचते, म्हणून तोंड उघडल्यावर काही तास कोणी उतरत नसे. वडील दोरीला कंदील बांधून आधी खाली सोडायचे आणि तो विझला की व्यापाऱ्याची गाडी दारात खोळंबली असली तरी वर काढून बसून राहायचे, असे आण्णांनी सांगितले. मग म्हणाले, "दिवा इझल्यावर वात मोठी करून भागत न्हाई, ताई." २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी त्यांतली बरीच पेवे गेली.

९ एप्रिल, बुधवार

झपकन उघडणारे दार बसले. खर्च निम्मा-निम्मा. काचेचे हीटरही चारही गाड्यांना लागले. माझ्या सूचनेतला रकाना अहवालात आलेला नाही; पण आण्णांनी मधल्या खोलीतल्या फळ्यावर खडूने रेघा मारायला सुरुवात केली आहे. चार उभ्या, पाचवी आडवी, वर तारीख. गाडी थांबली की जवळचा माणूस रेघ मारतो.

आज फळ्यावर ३१ रेघा होत्या आणि आमच्या संगणकात १९ थांबे. मला वाटले त्यांनी वाढवून मारल्या. संध्याकाळी आण्णांनी आणि मी बसून एकेक रेघ आठवून काढली. जमिनीवर पडलेले प्लास्टिक गाडी येण्याआधी कोणीतरी पायाने सारले, अशा पाच रेघा. ट्रॉली खुणेवर वाकडी बसली होती, ती गाडी शिरण्याआधी ढकलून सरळ केली, अशा चार. दोन वेळा गाडी नुसती रेंगाळली म्हणून एकाने तिच्यासमोरून बाजूला होऊन वाट दिली. एक रेघ कोणालाच आठवेना. म्हणजे यंत्राला चूक करण्याची संधी मिळण्यापूर्वीच माणसांनी निस्तरलेल्या अकरा गोष्टी आमच्या लेखी घडल्याच नव्हत्या. ही टोळी उद्या बदलली तर आमचा १९ चा आकडा ३० होईल आणि आम्ही पुण्यात बसून सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत राहू.

फळ्याचा फोटो काढून अहवालाला जोडला.

२३ एप्रिल, बुधवार

तीन नंबरची गाडी गेले चार दिवस प्रत्येक खुणेवर किंचित डावीकडे येत होती. संगणकात कारण सापडेना. अखेर गाडी आडवी करून चाके पाहिली. उजवे चाक व्यवस्थित १५० मिलिमीटर. डाव्याचा व्यास घासून १४९ झालेला. एक मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटते; पण व्यासात ०.६७ टक्के फरक पडला की दोन चाकांत ५० सेंटीमीटर अंतर असलेली गाडी दर मीटरला पाऊण अंश वळते. पुढची खूण वाचली की ती चूक दुरुस्त होते, पण एखादी खूण मळलेली असली की चूक पुढच्या मीटरवर चढते.

डावेच चाक का झिजले? पुन्हा हात फिरवून पाहिला तर चाकाच्या रबरासारख्या थरात मधाच्या रंगाचा एक कडक पट्टा बसलेला. नखाने उकरला तेव्हा वास आला आणि कळले: चिरडलेला बेदाणा. वळणावर बॉक्स फाटून पडलेले दाणे नेहमी त्याच बाजूला येतात, त्यांतली साखर चाकाला बसते, थंडीत कडक होते, वाळू धरून ठेवते आणि कानशीसारखी चाकाचाच थर खात जाते. उपाय म्हणजे कोमट पाणी आणि काथ्या, दर शनिवारी. आमच्या देखभाल पुस्तिकेत हे वाक्य आज मी स्वतः घातले.

६ मे, मंगळवार

सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी पाहायला आली होती. या क्षेत्राची सुरुवात सांगावी लागली. २००३ साली अमेरिकेत किवा सिस्टिम्स ही कंपनी निघाली. कामगाराने मालाच्या शोधात गोदामभर हिंडण्याऐवजी मालाची मांडणीच उचलून त्याच्यापुढे आणायची, ही तिची कल्पना. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि पुढे ती यंत्रे बाहेरच्यांना विकणे थांबवले. इतरांना मग दुसरे पुरवठादार शोधावे लागले, आणि आमच्यासारख्या लहान कंपन्यांनाही जागा झाली.

एका मुलीने विचारले की येथे नोकरीत नेमके काय करावे लागते. मी तिला तीन नंबरच्या गाडीचे जुने चाक हातात दिले. नंतर वाटले की थोडे अधिक बोलायला हवे होते. गणित लागते, प्रोग्रामिंग लागते, पण आठवड्यातले दोन दिवस स्वेटर घालून फरशीवर बसण्याची तयारीही लागते. आणि विक्री विभागाने दिलेली तारीख व यंत्राची खरी स्थिती यांच्यामध्ये उभे राहून दोन्हीकडचे ऐकून घ्यावे लागते. पगार पुण्यापेक्षा कमी असतो. घरी जेवायला जाता येते, हे मात्र खरे.

२१ मे, बुधवार

दुपारी वळवाचा जोरदार पाऊस आणि वीज गेली. गाड्या बॅटरीवर चालतात, त्यांना विजेचे काही नाही; पण वायफाय बंद पडल्यामुळे तीन सेकंदांत चारही गाड्या आहेत तेथे थांबल्या. जनरेटर लगेच सुरू झाला, तरी वायफायचे संच जागे व्हायला दोन मिनिटे आणि कोणत्या गाडीवर कोणता लॉट आहे हे हाताने जुळवायला चाळीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी सौदे होते, नमुन्याचे बॉक्स काढायचे होते, व्यापाऱ्यांचे फोन चालू होते. टोळीने शेवटी अडलेल्या दोन ट्रॉली रिकाम्या करून बॉक्स खांद्यावर बाहेर आणले.

वायफायसाठी दहा-बारा हजारांचा बॅटरी संच मूळ अंदाजपत्रकात होता. किंमत आकर्षक दिसावी म्हणून तो आमच्याच कार्यालयात कापला गेला. कापणाऱ्याला त्या दिवशी खांद्यावर बॉक्स घ्यावा लागला नाही, एवढे येथे लिहून ठेवते. संच उद्या येतो आहे.

११ जून, बुधवार

हंगामाचा जोर ओसरला. मालकांनी मागच्या पंधरवड्यापासून असे मान्य केले आहे की पाळीत गाड्यांमुळे पंधरा मिनिटांहून अधिक काम खोळंबले तर त्यापुढचे पैसे टोळीला वेगळे मिळतील, आणि त्याला फळा प्रमाण धरला जाईल, आमचा संगणक नाही. पुण्याने यावर नाराजी कळवली. मात्र त्याच पत्रासोबत आलेल्या अहवालाच्या नव्या नमुन्यात 'माणसाचा हात लागला' हा रकाना आहे.

आज फळ्यावर ९ रेघा, संगणकात ८ थांबे. एकाचा फरक कसला म्हणून आण्णांना विचारले. ते म्हणाले, "ती चूक कासवाची न्हवती. आमच्या पोरानं ट्रॉली उलटी लावली हुती. पर थांबलं ते थांबलंच की." मी संगणकात ९ केले. शनिवारी चाके धुवायची आहेत आणि दोन नंबरच्या गाडीसाठी डाव्या चाकाचा जादा संच मागवायचा आहे.